मधलं नाव

"मयताचं नाव?" खिडकीतल्या मुलीनं विचारलं आणि रुक्मिणीबाईंच्या लक्षात आलं की आपल्याला ते सांगता येत नाहीये. आठवत नव्हतं असं नाही. नाव समोर होतं, स्वच्छ, फळ्यावर लिहिल्यासारखं. आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवलेल्या बाईला शब्द दिसतात ते फळ्यावरच दिसतात. नुसतं वाचून दाखवायचं होतं. पण दाताच्या डॉक्टरनं सुई दिल्यावर ओठ आपले राहत नाहीत, चहा हनुवटीवरून ओघळतो आणि ते दुसऱ्यानं सांगितल्यावर कळतं, तसं काहीतरी तोंडाचं झालं होतं. मुलीनं मान वर न करता पुन्हा विचारलं, "आजी, मयताचं नाव." तिचं एक बोट कीबोर्डवर आधीच टेकून तयार होतं, कुठल्या अक्षरावर कोण जाणे. मागच्या रांगेतला एक म्हातारा म्हणाला, "अम्मा, बोलो ना. पीछे लोगां खडे हैं." रुक्मिणीबाईंनी त्याच्याकडे वळून बघितलं. लोगां खरोखरच खडे होते. प्रत्येकाच्या हातात प्लास्टिकची पिशवी, प्रत्येकाचं कुणीतरी गेलेलं, आणि सगळ्यांना घाई. मग त्यांच्या खांद्यामागून पूनम बोलली, "सिद्धराम रावजी वाघमोडे." मोठ्यानं, खणखणीत, गॅसवाल्याला फ्लॅट नंबर सांगावा तशी. मुलीनं टाइप केलं. पंखा फिरत होता तो फिरत राहिला. रुक्मिणीबाईंना मात्र वाटलं, कुणीतरी भर रस्त्यात आपल्या डोक्यावरचा पदर ओढला. गंमत म्हणजे त्यांनी डोक्यावर पदर कधी घेतलाच नव्हता.

पूनम वरच्या मजल्यावर राहते. माहेर बार्शीचं, नवरा औषधांच्या कंपनीत फिरतीवर. सोलापुरात नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं, आणि ते येतं त्या दिवशी पूनमचं आणि खालच्या वाघमोड्यांचं भांडण ठरलेलं असायचं. मोटर आधी कुणी लावायची, टाकी कुणाची वाहिली, जिन्यात पाइप कुणी टाकला. वाघमोड्यांच्या बाजूनं लढायचं काम रुक्मिणीबाईंच्या यजमानांचं, सिद्धरामपंतांचं. रिटायर झाल्यावर माणसाला काहीतरी लागतं. ते सदऱ्याच्या ढगळ बाह्या वर सारून जिन्यात उभे राहायचे आणि कायदा बोलायचे, पूनम वरून बार्शी बोलायची, आणि रुक्मिणीबाई आत हंडे भरून घ्यायच्या. ते गेल्यापासून भांडण बंद होतं. पूनम स्वतःच खाली येऊन मोटर लावून द्यायची, "काकू, आधी तुमचं होऊ द्या," म्हणायची. आज स्कूटरवरून मृत्यूच्या दाखल्यासाठी आणलंही तिनंच. रुक्मिणीबाईंना या चांगुलपणाची थोडी भीतीच वाटायची. आपण आता भांडण्याजोगे राहिलो नाही, असा त्याचा अर्थ होत असावा.

परत येताना स्कूटरच्या मागं बसून त्यांनी दोन्ही हात मांडीवर ठेवले. पूनम म्हणाली, "धरून बसा की ओ काकू, पडशीला." त्यांनी धरलं. हाताला पूनमच्या कुडत्याचं कापड लागत होतं, आणि ते सुती आहे की सिंथेटिक हे त्यांना कळत नव्हतं. एरवी डोळे मिटून सांगितलं असतं. सूतगिरणीतल्या माणसाची सून. दवाखान्यातल्या त्या सकाळपासून हे असं चाललं होतं. चहा गरम आहे हे पेल्यातून वाफ निघताना दिसली की कळायचं. लोक भेटायला आले, रडले, गेले. त्यांनी प्रत्येकाला पाणी दिलं. त्या सकाळचं म्हणून जे काही आठवायचं ते एवढंच, की नर्सनं सिद्धरामपंतांच्या चपला एका पांढऱ्या पिशवीत घालून दिल्या आणि पिशवीवर चादरींच्या दुकानाची जाहिरात होती. चपला घरी आणून त्यांनी दाराशी ठेवल्या, रोजच्या जागी, डावी-उजवी बघून. हे करताना काही वाटलं नाही. वाटायला हवं होतं, अशी नोंद मात्र डोक्यात कुठंतरी झाली.

नाव का आलं नाही? सिग्नलला स्कूटर थांबली तेव्हा त्यांनी हा प्रश्न पेपरातल्यासारखा स्वतःला घातला: कारणे द्या. लग्नात बायकांनी नाव घ्यायला लावलं होतं तेव्हा त्या ताठ मानेनं म्हणाल्या होत्या, मी उखाणा घेणार नाही, हे मागासलेपण आहे. नव्या विचारांची सून म्हणून गल्लीत दोन दिवस चर्चा झाली. पुढं घरात "अहो", शाळेत "आमच्याकडे", बँकेत "मिस्टर". कागदावर ते नाव त्यांनी किती वेळा लिहिलं याला हिशोब नाही. हाताला पाठ होतं. तोंडाला मात्र कधी सांगितलंच नव्हतं. म्हणजे सासूनं रीत म्हणून नाव घेतलं नाही, सुनेनं सुधारणा म्हणून घेतलं नाही, आणि दोघींची तोंडं एकाच जागी येऊन मिटली. चिमाबाई असत्या तर या गोष्टीवर पोट धरून हसल्या असत्या. मग डोळे पुसून म्हणाल्या असत्या, "शिकून काय केलंस गं मग?"

चिमाबाई म्हणजे त्यांच्या सासूबाई, आणि गेल्या महिन्यापासून वीरांगना चिमाबाई. घराजवळच्या चौकात हातपंप आणि रिक्षा-थांबा यांच्या मधे त्यांच्या नावाचा दगड बसायचा होता. ही कल्पना धनाजीची. धनाजी त्यांचा जुना विद्यार्थी, सध्या भावी नगरसेवक. तसं त्याच्या प्रत्येक फ्लेक्सवर लिहिलेलं असतं. सिद्धरामपंतांच्या श्रद्धांजलीचा फ्लेक्सही त्यानंच लावला होता, त्यावर मयताच्या फोटोपेक्षा भावी नगरसेवकाचा फोटो थोडा मोठा आला होता, छापणाऱ्याची चूक. सकाळी त्या आंघोळीहून येतायत तोच त्याचा फोन आला. "बाई, दगड कोरून तयार हाय. वीरांगना चिमाबाई, मग मोकळी जागा, मग वाघमोडे चौक. मधलं नाव तेवढं राह्यलंय. सर तर सही नुसती 'सि. रा.' अशी करायचे. रा म्हंजे काय ओ बाई? रामचंद्र का राजाराम?" रुक्मिणीबाई म्हणाल्या, "वर्गात दरवर्षी सांगत होते मी." "बाई, मी कुटं वर्गात आसायचो," धनाजी प्रांजळपणे म्हणाला. "संध्याकाळी येतो मी घरी. दगडवाला थांबलाय. क्रांतिदिनाला उद्घाटन हाय, पावनं सांगून बसलोय." त्या "बघते" म्हणाल्या. काय बघायचं होतं ते त्यांनाही माहीत नव्हतं. मूलबाळ नाही, दीर-नणंदा कधीच गेल्या. हे नाव सांगू शकेल असं माणूस आता त्या एकट्याच. निदान खिडकीपाशी पूनम बोलेपर्यंत तरी त्यांची तशी समजूत होती.

घरी आल्यावर त्यांनी दाखल्याची पिशवी टीव्हीवर ठेवली आणि खुर्चीत बसल्या. समोरच्या भिंतीवर चिमाबाईंचा फोटो होता, कुठल्याशा सत्काराचा. गळ्यात हार, हातात नारळ, खांद्यावर अस्सल सोलापुरी चादर, भर मे महिन्यात. सत्काराला चादर द्यायची ही या गावची रीत आहे, ऋतू कुठलाही असो. चेहऱ्यावर, बोलायचं राहून गेलेल्या माणसाचा असतो तसा भाव. तो तसा का आहे हे रुक्मिणीबाईंना माहीत होतं, कारण त्या दिवशी त्या पहिल्या रांगेत होत्या. एकोणीसशे तीस साली गोऱ्या सरकारनं सोलापुरात मार्शल लॉ पुकारला, हे गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. डोक्यावर पांढरी टोपी दिसली तरी धरून न्यायचे. त्या दिवसांत चिमाबाईंचे यजमान, म्हणजे रावजी, नक्की काय करत होते याच्या घरात तीन हकिकती होत्या. थोरल्या दिरांच्या हकिकतीत त्यांनी सरकारी इमारतीवर तिरंगा लावला. धाकट्यांच्या हकिकतीत, लावणाऱ्याला खांदा दिला. चिमाबाईंना विचारलं तर म्हणायच्या, "टोपी घालून फिरत व्हतं. दुसरं काय करनार."

चिमाबाईंनी स्वतःची हकिकत रुक्मिणीबाईंना सांगितली तेव्हा त्या विड्या वळत होत्या. डोळ्यांनी नीट दिसत नव्हतं, पण बोटांना दिसायचं. पान कात्रीनं कापायचं, तंबाखू भरायची, गुंडाळायचं, दोरा. बोलणं त्या दोऱ्याच्या गतीनं यायचं, गाठ मारताना थांबायचं. चाळीत गोरे सोजीर आले. रावजी मागच्या मोरीतनं केव्हाच पसार झालेले. खोलीत टोप्यांचं गाठोडं सापडलं. साहेबाबरोबर एक मराठी येणारा हवालदार, त्यानं विचारलं, ही खोली कुणाची? "मी म्हनलं, आमच्या घरच्यांची. तर म्हनतोय, त्येंचं नाव काय? आता ह्याला काय म्हनायचं? बायकूला इच्यारतोय, नवऱ्याचं नाव काय. मला हसूच आलं. पदर तोंडात घातला." हसल्याबद्दल एक कानफटात बसली. मग उन्हात उभं केलं. वैशाखातलं सोलापूर, तव्यावर उभं केलं म्हटलं तरी चालेल. नाव सांग, नाव सांग. चिमाबाई वीस वर्षांच्या असतील-नसतील. "मला तर ते नाव तोंडात धरायची सवयच न्हवती गं. सांगू म्हनलं आसतं तरी आलं नसतं." हवालदारानं शेवटी साहेबाला समजावलं, की हुजूर, या मुलखात बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत, घेतलं तर त्याचं आयुष्य कमी होतं असं समजतात. साहेबानं हे ऐकून घेतलं. साहेब हुशार होता, चिमाबाई प्रत्येक वेळी हे सांगायच्या, त्याचं श्रेय त्याला द्यायच्या. तो म्हणाला, ठीक आहे. मग हिच्या नवऱ्याचं नाव शेजारणीला विचारा.

शेजारीण होती गुरम्मा. अक्कलकोटच्या पलीकडची, कानडी बोलणारी, नवरा त्याच गिरणीत. चिमाबाईंचं आणि तिचं नळावर रोज भांडण. रोज म्हणजे खरोखर रोज; सणालासुद्धा. एक मराठीत शिव्या द्यायची, एक कानडीत, आणि दोघींना दोन्ही कळायच्या. आदल्याच दिवशी गुरम्मानं चिमाबाईंची घागर लाथेनं उलथवली होती आणि चिमाबाईंनी तिच्या आईचा उद्धार केला होता. तिला बाहेर बोलावलं. "मला वाटलं झालं, आता सांगती ही भवानी. तिला कसली आलीया बंदी? दुसरीच्या नवऱ्याचं नाव कुनीबी घेतंय. लई येळा घ्यायची की ती, नळावर. शिव्या घालूनशान घ्यायची." हवालदारानं विचारलं, या बाईच्या नवऱ्याचं नाव काय? गुरम्मा म्हणाली, "गोत्तिल्ला." कानडीत, माहीत नाही. हवालदाराला वाटलं हिला मराठी कळत नसेल. त्यानं शोधून कानडी बोलणारा शिपाई आणला. शिपायानं कानडीत विचारलं. गुरम्मानं त्याला मराठीत उत्तर दिलं, "म्हाईत न्हाय." इथं चिमाबाई नेहमी थांबायच्या. विडीला गाठ मारायच्या. ती तोडायच्या. इतक्या वर्षांनीही त्यांच्या गालावर तेव्हा हसू आणि दुसरं काहीतरी एकाच वेळी यायचं, आणि ते दुसरं काय आहे हे बघायचं रुक्मिणीबाईंच्या मनात दर वेळी यायचं, तोवर पुढचं पान कापून झालेलं असायचं.

दोघींना नेलं. चिमाबाईंना साहेबानं लवकर सोडलं. रीतच आहे तर काय करणार, रीतीला शिक्षा नाही. सरकार धर्मात हात घालत नसे. गुरम्माला मात्र सांगायला कुठलीच सबब नव्हती. तिच्या रीतीत कुठं लिहिलं होतं की शेजारणीच्या नवऱ्याचं नाव घेऊ नये? तिला सक्तमजुरी झाली, लांब पुण्याच्या बाजूला धाडली. थंडीत सुटून आली तेव्हा तिच्या नवऱ्यानं खोली सोडून गाव गाठलं होतं, बरोबर दुसरी बायको. खोलीत दुसरं बिऱ्हाड. गुरम्मा सरळ नळावर आली. "माझी घागर बाजूला सारली. ओंजळीनं पानी प्याली. आन् म्हनाली, तुज्यापायी माझा नंबर गेला." चिमाबाई काय म्हणाल्या? "मी बी भांडले की. म्हनलं, घागरीला हात लावू नगंस." का पण, सासूबाई? "सवय व्हती," चिमाबाई म्हणाल्या. त्या संध्याकाळी भाकरी घेऊन नळावर गेल्या तर गुरम्मा निघून गेलेली. पुढं आयुष्यभर, अक्कलकोटला जायचं निघालं की चिमाबाई मठात स्वामींच्या पुढं डोकं टेकवायच्या आणि मग बाहेर दगडी पायरीवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्या बायकांची तोंडं बघत राहायच्या. एस.टी. चुकायची. रावजी चिडायचे. ते सगळ्या सोलापुरात सांगत फिरले होते की माझ्या बायकोनं मार खाल्ला पण माझं नाव घेतलं नाही. चिमाबाईंनी ते खरंच कधी घेतलं नाही, हळदीकुंकवालाही. बायका मागं लागल्या तर म्हणायच्या, "साहेबाला ऐकवलं न्हाय, तुमाला फुकटात कशाला ऐकवू?"

सत्काराच्या दिवशी त्यांना माइक दिला तेव्हा त्या म्हणाल्या, "आमच्या शेजारी एक गुरम्मा व्हती, लई भांडकुदळ." सभेत हशा पिकला. त्या पुढं म्हणाल्या, "आमचं नळावरनं," आणि त्याच वेळी प्रमुख पाहुण्यांची गाडी आली. माइक काढून घेतला गेला, नंतर परत आला नाही. दुसऱ्या दिवशी पेपरात आलं, की वीरमातेनं त्या काळच्या पाणीटंचाईच्या आठवणींना उजाळा दिला. असे सत्कार पाच-सहा झाले. दर वेळी त्या गुरम्मापासूनच सुरुवात करायच्या आणि दर वेळी गाडी तरी यायची, लाइट तरी जायचे, नाहीतर आयोजक हात जोडून म्हणायचे, आजी थोडक्यात. शेवटच्या आजारात एकदा रुक्मिणीबाई त्यांना भात भरवत होत्या. चिमाबाईंनी घास गिळला आणि कुठलाही संदर्भ नसताना म्हणाल्या, "मला तर बोलताच येत न्हवतं गं. तिला येत व्हतं." रुक्मिणीबाईंना तेव्हा वाटलं, सासूबाईंना आणखी भात नकोय.

खुर्चीत बसल्या बसल्या ऊन भिंतीवरून फोटोच्या काचेवर आलं, तिथून कपाटावर गेलं. त्यांनी काही खाल्लं नाही. डब्यात कडक भाकरी होती, शेंगाची चटणी होती, त्यांनी एक तुकडा तोंडात घालून बघितला. भाकरी मोडल्याचा आवाज कानात आला, चव कुठं गेली कळलं नाही. जीभ होती. पण आपली जीभ आपल्या तोंडात आहे एवढंच. आपल्याला आज खिडकीपाशी बोलता येत नव्हतं, त्यांनी स्वतःशी म्हणून बघितलं. चिमाबाईंना उन्हात येत नव्हतं. या दोन्हींत काही फार कर्तबगारी नाही. तोंडच उघडलं नाही, तर त्याला धैर्य म्हणायचं कसं? आणि आता संध्याकाळी धनाजी येणार, आणि जे नाव चिमाबाईंनी मार खाऊनही सांगितलं नाही, आयुष्यभर सांगितलं नाही, ते त्यांच्याच नावाच्या दगडात, त्यांच्या बरोबर मधोमध, सरकारी खर्चानं, इंच-इंच खोल कोरायला आपण सांगणार. साहेब दमला तिथं धनाजी जिंकणार. त्यांना हसू आलं असावं. काचेत बघितलं तर चेहरा तसाच होता. त्यांनी प्रयोग म्हणून तोंड उघडलं आणि मोठ्यानं म्हटलं, "रावजी." आलं. सहज आलं, वर्गात यायचं तसं. सासऱ्यांचं नाव घ्यायची बंदी त्यांनी केव्हाच मोडली होती. मग त्यांनी दुसरं नाव म्हणायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. बरं, म्हणजे हे असं आहे तर. एक येतं, एक येत नाही. जे येतं, तेच धनाजीला हवंय.

धनाजी आला तो दिवेलागणीला, पांढऱ्या कपड्यांत, कानाला फोन लावूनच. आत येताना दाराशी सरांच्या चपला बघून त्यानं त्या न ओलांडता बाजूनं पाय टाकला, एवढी गोष्ट रुक्मिणीबाईंना त्याच्याबद्दल बरी वाटली. "शिवू, हाय का लाइनवर? थांब जरा, बाई सांगत्यात," तो फोनमधे म्हणाला, आणि मग त्यांना, "दगडवाला हाय, बाई. छिन्नी हातात धरून बसलाय बिचारा. बोला, काय नाव आजोबांचं?"

फोनमधून खरंच कुठंतरी टकटक ऐकू येत होती. बाहेर जिन्यात पूनमची पावलं वाजली. आज पाण्याचा दिवस होता, ती पाइप घेऊन खाली आली होती आणि उघड्या दारात उभी राहिली होती. रुक्मिणीबाईंनी धनाजीकडे बघितलं. नाव समोर होतं, फळ्यावर. तोंडही उघडत होतं.

"माहीत नाही," त्या म्हणाल्या.

"आसं कसं ओ बाई? सकाळीच म्हनाला की, वर्गात सांगत व्हते म्हनून."

"सांगत असेन. आता माहीत नाही."

धनाजीनं फोनवर तळहात धरला आणि आवाज खाली आणला, दुःखी माणसाशी बोलतात तसा. "व्हतंय बाई आसं. धक्का बसलाय तुमाला." मग त्याला दारातली पूनम दिसली. "ताई, तुमी शेजारच्या न्हवं? तुमाला काय म्हाईत हाय का, सरांच्या वडलांचं नाव?"

रुक्मिणीबाईंनी पूनमकडे बघितलं नाही. त्यांनी तिच्या हातातल्या पाइपाकडे बघितलं. हिरवा पाइप, टोकाशी चिंधी बांधलेली. ती चिंधी सिद्धरामपंतांच्या जुन्या लेंग्याची होती, एका भांडणात तहाची अट म्हणून दिलेली. सकाळी तीन शब्द हिनं अख्ख्या रांगेला ऐकवले होते. हिला चिमाबाई कोण, गुरम्मा कोण, काही ठाऊक नाही. हिला कसलीच बंदी नाही. पाइप एका हातातून दुसऱ्या हातात गेला.

"मला काय म्हाईत?" पूनम म्हणाली. "आमचं तर ह्येंच्याशी पान्यावरनं भांडण हाय."

धनाजी दोघींकडे आळीपाळीनं बघत राहिला. फोनमधला शिवू काहीतरी म्हणाला. "आरं थांब की लेका, मधली जागा काढून टाक म्हनं! कोरलेलं काय आता पुसता येतंय व्हय?" धनाजी त्याच्यावर खेकसला आणि रुक्मिणीबाईंना म्हणाला, "मधी एवढी मोकळी जागा ठिवून कसं चालंल बाई? दात पडल्यागत दिसंल."

"गुरम्मा लिही," रुक्मिणीबाई म्हणाल्या.

"कोन गुरम्मा?"

"शेजारीण होती त्यांची. तीही तुरुंगात गेली होती. जास्त दिवस गेली होती. वर्गात सांगितलं होतं."

"पन बाई," धनाजी कळवळून म्हणाला, "तितं नवऱ्याचं नाव आसतंय."

"असू दे."

"चिमाबाई गुरम्मा वाघमोडे? लोक काय म्हनतील?"

"विचारतील, गुरम्मा कोण. मग तू सांग."

धनाजी विचारात पडला. रुक्मिणीबाईंना ते दिसत होतं, कारण लहानपणापासून विचार करताना त्याचं तोंड थोडं उघडं राहायचं. "कुठल्या समाजाची म्हनायची ही?" त्यानं शेवटी विचारलं. "अक्कलकोटकडची. कानडी बोलायची." धनाजीचं तोंड हळूहळू मिटलं आणि डोळे उघडले. आपल्या वॉर्डात रेल्वेलाइनच्या कडेनं कानडी बोलणारी घरं किती, हे भावी नगरसेवकाला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं असतं. "मग चालतंय की!" तो म्हणाला. "लई चालतंय. शिवू, लिही. गु, ऱ्हस्व. रम्मा. जागा पुरती का? पुरती? बरोबर बसतंय? बघा बाई, बरोबर बसतंय म्हनतोय." फोनमधली टकटक लगेच सुरू झाली. धनाजी पाया पडला, पाणी प्यायला, आणि चपलांच्या बाजूनं पाय टाकून गेला.

पूनम दारातच होती. तिनं पाइपाचं टोक झटकलं, म्हणाली, "आज मी आधी लावनार हाय मोटर. मागच्या बारीला तुमचंच झालतं," आणि वर निघून गेली. रुक्मिणीबाई खुर्चीतून उठल्या. पाठीला घाम आला होता, गार लागला. किती तरी दिवसांनी काहीतरी गार लागलं. बाहेर अंधार पडत होता, आणि मग मोरीतला नळ आधी नुसता फुसफुसला, खोकला, गढूळ थुंकला, आणि एकदम धो-धो वाहायला लागला. वर पूनमची मोटर सुरू झाली. खालचं पाणी ओढलं जाऊन धार बारीक होऊ लागली. आता जिन्यात जायला हवं होतं, सदऱ्याच्या बाह्या वर सारून. घागर एका हातानं नळाखाली सारत त्यांनी मान वळवली आणि आतल्या खोलीकडे तोंड करून हाक मारली.

"सिद्धराम!"

मोटर थांबली. घागरीत पाणी पडायचा आवाज मोठा झाला. वरच्या कठड्यावरून पूनम वाकली होती. "काकू, मला हाक मारली का?"

"नाही गं," रुक्मिणीबाई म्हणाल्या. "घरात."